अकरा फळ्या राहिल्या

१

रंगाऱ्याच्या बायकोने जन्मात दोन गोष्टींना कुणाला हात लावू दिला नाही. एक तिची कात्री, दुसरं तिचं मत. कात्री कापडाची होती. तिने कुणी साधा कागद कापला तरी बाई मनगट पिरगाळायला मागेपुढे पाहत नसे. मताने मात्र ती वाटेल ते कापायची.

चाळीस वर्षं ती गोधड्या शिवत होती आणि नवरा बेचाळीस वर्षं लोकांची घरं रंगवत होता. ही दोन वर्षांची थोरवी तो अधूनमधून बाहेर काढायचा.

"पहिली दोन वर्षं तुम्ही नुसते डबे धूत होतात," बाई म्हणायची. "ती धरू नका."

आता दोघं महिन्याभरासाठी गल्लीच्या टोकाच्या एका जुन्या घरात येऊन राहिले होते. घर नवऱ्याच्या बहिणीचं. ती जाताना भाचीच्या नावावर करून गेली. भाची म्हणजे यांची एकुलती एक मुलगी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, आणि पुढे लांबट ओसरी. कित्येक वर्षं बंद पडलेलं ते घर पोरीने एकटीने उभं केलं होतं. उखडलेल्या फरश्या पुन्हा बसवल्या, दारांना रंधा मारला, खिडक्यांना काचा घातल्या, वायरी बदलल्या, मोरीत नळ बसवला. नळ जरा वाकडाच बसला होता. उघडताना तीनदा कुरकुरायचा आणि मगच पाणी सोडायचा. पहिल्या दिवशी बाई पुटपुटली, "नळसुद्धा धड नाही." आणि मग तिच्या लक्षात आलं, ज्या कानांसाठी हे वाक्य होतं ते कान आता नाहीत. ते वाक्य दिवसभर तिच्या घशात अडकून राहिलं.

राहिलं होतं ते फक्त ओसरीचं छत. तेवीस लाकडी फळ्या, भिंतीशी समांतर, एकीला लागून एक. पोरीने उजेडाच्या बाजूने, म्हणजे बाहेरच्या पायऱ्यांकडून रंगवायला घेतलं होतं आणि दाराच्या दिशेने आत येत होती. बापाने शिकवलेलं तसंच. फिकट निळा रंग. बारा फळ्या झाल्या. चौदा महिन्यांपूर्वी एका दुपारी ती शिडीवरून पडली. शिडी काही उंच नव्हती, सात पायऱ्यांची. पण खाली तिनेच बसवलेली फरशी होती, आणि ती मात्र चांगली घट्ट बसली होती.

एक तारखेला घराची किल्ली तिथे राहायला येणाऱ्या एका नर्सबाईला द्यायची ठरली होती. त्याआधी दोन कामं होती. रंगाऱ्याने अकरा फळ्या पुऱ्या करायच्या. बाईने पोरीच्या कपड्यांची गोधडी शिवायची आणि ती आपल्या घरी न्यायची. तेवढीच पोरगी घरी न्यायची राहिली होती.

दुपारी रंगारी काम थांबवून आत यायचा तेव्हा उंबऱ्यावरच थबकायचा, कारण आतून आवाज ठरलेला: "आधी हात धुऊन या." लग्नापासूनचं वाक्य होतं ते. पोरगीही तेच ऐकत वाढली होती.

२

पोरगी डावखुरी होती. बाईने तिला सहाव्या वर्षी सुई धरायला शिकवली ती उजव्या हातात. पोरगी नजर चुकवून सुई डावीकडे न्यायची, बाई फूटपट्टीने बोटांवर मारायची. असं वर्षभर चाललं. शेवटी पोरीने सुई धरायचंच सोडलं. बाई सगळ्यांना सांगत राहिली, "आमच्या बयेला कुठलंच काम शेवटाला न्यायला नको."

पुढे ते वाक्य खरंही ठरत गेलं, की ऐकून ऐकून पोरीने ते खरं केलं, देव जाणे. अर्धा स्वेटर. अर्धा कोर्स. तीन नोकऱ्या, तिन्ही वर्षाच्या आत सोडलेल्या. तिसरी सोडून ती बॅग घेऊन दारात आली, तेव्हा बाई गोधडीचा काठ दुमडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"एक काम शेवटाला नेऊन दाखव," ती म्हणाली. "मग या उंबऱ्याच्या आत पाय टाक."

आईने असं बोलू नये हे बाईला तेव्हाही कळत होतं. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द परत घेणं हा तिच्या लेखी शिवलेला टाका उसवण्यासारखा प्रकार होता, आणि टाके ती उसवत नसे.

पोरगी रडली नाही. हसली. "बरं," म्हणाली, आणि बॅग उचलून आत्याच्या बंद घराकडे गेली.

वर्षभराने एका संध्याकाळी तिचा बापाला फोन आला. "बाबा, अकरा फळ्या राहिल्या. आईला सांगा."

बापाने फोन हातात धरूनच सांगितलं. बाई म्हणाली, "राहिल्या ना? झाल्या की बोल म्हणावं." हे पोरीला पलीकडे ऐकू गेलं असणार, कारण ती परत हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडली.

हे सगळं नवरा-बायको दोघांनाही पाठ होतं, आणि चौदा महिन्यांत त्यांनी त्यातलं एक अक्षर एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं.

३

गोधडी काठाकडून सुरू होते. बाहेरून आत, एका ओळीला चिकटून दुसरी ओळ, चौकोनात चौकोन, असं करत करत बाई मधोमध यायची. शेवटचा तुकडा मधला. तो बसला की गोधडी मिटली. मधल्या तुकड्यासाठी बाईने पोरीचा रंगकामाचा शर्ट ठेवला होता. शर्ट मुळात बापाचाच, जुना, कोपरांवर विरलेला, निळ्या थेंबांनी भरलेला. पुढच्या खोलीत दाराआडच्या, उंबऱ्यावरून हात पुरेल अशा खिळ्याला पोरीने लावला होता तसाच लटकत होता. इतर कपड्यांना बाईने कात्री लावली. या शर्टाजवळ दोनदा गेली आणि दोनदा परत आली.

रंगाऱ्याने पहिले दोन दिवस अकरा फळ्या घासल्या, भेगा भरल्या, पांढरं अस्तर दिलं. तिसऱ्या दिवशी पोरीच्या डब्यातल्या रंगाशी जुळणारा निळा घोटला. काही केल्या जुळेना. मग चिमूटभर काळा घातला आणि जुळला.

"काळा घातला होता बघ तिने," तो आत येत म्हणाला. "मी कधी शिकवलं नव्हतं. स्वतःचं डोकं."

"हात," बाई म्हणाली.

त्या सकाळी त्याने दोन फळ्या केल्या. जेवून दोघं पुढच्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले. दुपारी दोन ते साडेतीन झोप, ही त्यांच्या संसाराची घटना होती, तिच्यात दुरुस्ती नव्हती. उठल्यावर बाईने चहा ठेवला. रंगारी ओसरीवर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

"चहा निवतोय," तिने हाक मारली.

"अगं, जरा इकडे ये."

तो मान वर करून उभा होता. "किती फळ्या केल्या मी?"

"दोन म्हणालात."

"मोज."

तीन होत्या. तिसरी ओली होती.

"दोन काय, तीन काय," बाई म्हणाली. "सत्तरीला आलात. उद्या स्वतःचं नाव विचाराल."

 त्याने शिडीवर चढून तिसऱ्या फळीची कड बोटाने चाचपली, बोटाकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की तिला हसू आलं.

"मी चढले शिडीवर? माझे गुडघे मला पाटावरून उठू देत नाहीत."

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंत?"

 चहा खरंच निवाला होता.

४

दुसऱ्या दिवशी त्याचा खांदा भरून आला म्हणून तो शिडीवर चढलाच नाही. सकाळी जुने ब्रश धुतले, डबा घट्ट बंद केला, शिडी मिटून भिंतीला टेकवली. झोपून उठले तेव्हा चौथी फळी निळी होती आणि शिडी उघडी उभी होती.

आता विसरण्याचं कारण पुरेना. बाईने दुसरी कारणं काढली. अस्तराखालून जुना रंग वर येतो कधीकधी. तुम्ही सकाळी अर्धवट झोपेत केली असेल. गल्लीतलं कुणी टवाळ असेल. रंगारी प्रत्येक कारणाला मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हात बघ."

"कुणाचा?"

"फळीचा. ब्रश टेकतो तिथे रंग जाड बसतो आणि उचलतो तिथे बारीक शेपूट राहतं. मी डावीकडे टेकवतो, उजवीकडे उचलतो. माझी शेपटं उजवीकडे आहेत. या दोन नव्या फळ्या बघ, आणि त्या." त्याने मुलीच्या बारा फळ्यांकडे बोट केलं. "दोन्हींची शेपटं डावीकडे आहेत."

बाई बघत राहिली. टाक्यावरून तिला गोधडी कुणाची ते ओळखता यायचं, पण हे तिच्या धंद्यातलं नव्हतं. नसतं कळलं तर बरं झालं असतं. एकदा दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

त्याच संध्याकाळी शेजारीण आली. टायपिस्ट होती, निवृत्त झालेली, आणि आवाजाच्या बाबतीत फार हळवी.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "काम करा, खुशाल करा. पण दुपारी दोन ते तीन तेवढी शिडी ओढू नका हो. आयुष्यभर खटखट ऐकली. आता तासभर तरी डोळा लागू दे."

"दुपारी आम्ही झोपतो," बाई म्हणाली.

"मग ते डब्यावर ब्रश आपटणं कुणाचं? टक, टक. दोनदा. मागच्या वर्षी तुमची मुलगी असंच करायची. तिलाही मी सांगितलं होतं. बिचारी लगेच हळू करायला लागली."  शेजारीण एकदम पदर सावरत उठली. "येते मी. तसं काही फार त्रास नाही म्हणा."

ती गेल्यावर बाई दार लावायला वळली आणि दाराआडचा शर्ट तिच्या दंडाला लागला. गार लागला. तिने दंड पाहिला. निळा डाग. शर्टाची डावी बाही मनगटाशी ओली होती.

तिने डाग पुसला नाही. नवऱ्यालाही दाखवला नाही. पदर पुढे ओढून ती गोधडीशी जाऊन बसली. त्या संध्याकाळी तिने तीन ओळी घातल्या, आणि तिन्ही वाकड्या गेल्या.

५

रोज एक. रंगाऱ्याने ब्रश हातात घ्यायचं सोडलं. तो सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा, वर बघत. दुपारी दोघं झोपायला जायचे, कारण न झोपून तरी काय करायचं, आणि उठल्यावर एक फळी निळी असायची. पाच. सहा. सात. निळा रंग पायऱ्यांकडून दाराकडे येत होता, रोज वीतभर.

आठवी झाली त्या दिवशी बाईने ठरवलं, उद्या झोपायचं नाही.

जेवण झालं. ती भिंतीकडे तोंड करून, अर्धी गोधडी पांघरून पडली. मागे नवरा घोरायला लागला. पाठीकडे ओसरीचं दार होतं, हवेसाठी उघडं ठेवलेलं. ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आधी शिडी उघडली. सांधा करकरला. उन्हाने लाकूड फुगतं, बाईने मनाशी म्हटलं. मग पायऱ्या. एक, दोन, तीन. चौथी पायरी दाबली की ती कण्हायची, हे तिला नवऱ्याच्या चढण्यावरून माहीत होतं. चौथी कण्हली. नवरा तर मागे घोरत होता.

टक, टक. ब्रश डब्याच्या कडेवर आपटला.

मग ओल्या ब्रशचा आवाज. लांब, मऊ, एकसारखा. थांबायचा, परत यायचा. घाई नाही. कंटाळाही नाही. बाईला वाटलं, हे काम करणाऱ्याला आपण कधी असं काम करताना बसून पाहिलंच नाही. तेवढं वळून पाहिलं असतं तर झालं असतं. मान वळत नव्हती. भीती होतीच, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी मानेवर बसलं होतं. तिला आपलं तोंड दाखवायचं नव्हतं.

फळी झाली. चौथी पायरी परत कण्हली. अनवाणी पावलं फरशीवरून आली आणि दारात थांबली.

टर्पेंटाइनचा वास खोलीत शिरला. पावलं शिरली नाहीत. पाठीमागे, उंबऱ्याच्या पलीकडे, कुणीतरी उभं होतं. जसं आतून हाक येईल म्हणून अंगणात पोर उभं राहतं, की हाक येणार नाही हे माहीत असूनही उभं राहतं. बाईने श्वास मोजले. अकरापर्यंत आली. मग वास कमी होत गेला.

ती भिंतीकडे बघत पडून राहिली आणि तिला कळलं. उंबरा काही आपल्या घरचाच होता असं नव्हतं. आई जिथे आत बसते तो उंबरा. आणि पोरगी शब्दाला जागत होती. काम पुरं झालेलं नाही, म्हणून आत येत नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्यही तिने स्वतःच्या तोंडाने म्हटलं. त्याने ऐकून घेतलं.

"दोन फळ्या राहिल्या," तो म्हणाला. "मग?"

"मग आत येईल."

"आणि आत आल्यावर?"

बाईने सुईत दोरा ओवायला घेतला. 

"ती दमली असेल गं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तिथेही काम, इथेही काम. आपण तिला मोकळं करायला हवं. हे असं ओढून ठेवायला नको."

दुसऱ्या दिवशी दहावी फळी निळी झाल्यावर त्याने डबा उचलला, झाकण दगडाने ठोकून घट्ट बसवलं, आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. दारावरची एकच फळी राहिली होती, पांढऱ्या अस्तराची. "ती नर्सबाई करून घेईल," तो म्हणाला. "आपण रविवारी निघू." किल्ली त्याने खिशात टाकली.

त्या दिवशी शुक्रवार होता.

६

शनिवारी दुपारी दोघांपैकी कुणीच झोपलं नाही. दोघं जागे होते आणि दोघांनी डोळे मिटले होते.

शिडी उघडली. चौथी पायरी कण्हली. डब्यावर ब्रश आपटायचा आवाज आला नाही, डबा कपाटात होता.  बाईला वाटलं, संपलं. गेली.

मग आवाज आला. खर्र. आणि परत, खर्र. कोरडा ब्रश कोरड्या लाकडावर. डावीकडे ओढायचा, उचलायचा, परत टेकवायचा. एक टोक ते दुसरं टोक. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा.

रंगाऱ्याचे खांदे हलायला लागले. बाईने त्याच्या हातावर हात ठेवला. मग भिंतीकडे बघतच ती बोलली. आवाज तिचा नेहमीचाच, खणखणीत ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"राहू दे ती फळी. अर्धी राहिली तरी चालेल. ये आत."

ब्रश थांबला.

बाई कान देऊन राहिली.  तिने परत म्हटलं, "ऐकलंस ना? मी म्हणते ये."

खर्र.

परत सुरू झाला. पहिल्यापेक्षा जोरात. हा हट्ट कुणाच्या रक्तातला, हे त्या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. सबंध तासभर तो कोरडा ब्रश लाकडावर फिरत राहिला.

चार वाजता रंगारी बाहेर गेला. शेवटच्या फळीचं अस्तर ओरबाडलं होतं. ब्रशचे केस तुटून तुटून भेगांत अडकले होते, खाली फरशीवर पडले होते. त्याने ते एकेक वेचले, जसं भात सांडल्यावर वेचतात, आणि खिशात ठेवले. मग ओरबाडलेल्या फळीवर परत अस्तर दिलं. एक ओघळ येऊ दिला नाही.

७

रविवारी सामान बांधून झालं. गोधडी तेवढी पलंगावर पसरलेली. चारी बाजूंनी ती मिटत आली होती, मधोमध हातभर चौकोन उघडा राहिला होता. त्यातून खालची चादर दिसत होती. शर्ट खिळ्यालाच होता.

गाडी चारला येणार होती. दीड वाजायला आला तसा रंगारी उठला, त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि गोधडीवर ठेवली.

"मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," तो म्हणाला. "गाडीवाल्याला गल्ली सापडत नाही कधीकधी."

"चारला येणार आहे तो."

"हो." तो दाराशी थांबला. "बेचाळीस वर्षं मी कुणा कामगाराला कोरड्या ब्रशने राबवलं नाही. माझ्याच्याने तो आवाज परत ऐकवणार नाही. आणि डबा उघडायलाही माझा हात धजत नाही. तू बघ."

"म्हणे यांना रंगाचा धंदा येतो," बाई म्हणाली. पण हळू म्हणाली. त्याच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, ते तिने उठून लावलं. तो गेला.

तिने कपाट उघडलं. झाकण दगडाने ठोकलेलं, बोटांनी हलेना. चमचा घातला, तो वाकला. घरात दुसरं काही अणकुचीदार उरलं नव्हतं, सगळं बांधलेलं. तिने कात्री घेतली. जिने चाळीस वर्षांत कापडाशिवाय काही कापलं नव्हतं ती कात्री तिने झाकणाच्या कडेत खुपसली आणि दाबली. टोक मोडलं. झाकण निघालं. मोडलेलं टोक कुठे पडलं ते तिने पाहिलंसुद्धा नाही.

रंगावर साय धरली होती. तिने काडीने सारून सगळं नीट ढवळलं, तळापासून, नवऱ्याला ढवळताना पाहिलं होतं तसं. मग गुडघ्यांना शिव्या घालत ओसरीवर गेली. शिडी उघडून दारासमोर उभी केली, चारी पाय टेकलेत की नाही ते हलवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. फरशीवर, शिडीच्या खाली, तिने पलंगावरची गादी ओढून आणून घातली. हे तिला चौदा महिन्यांनी सुचत होतं. डबा वर ठेवला. ब्रश ठेवला, त्याची दांडी डावीकडे करून.

आत येऊन ती उघड्या पलंगाच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मधे भोक असलेली गोधडी अंगावर घेतली.

बराच वेळ काही झालं नाही. नुसतं ऊन. शेजारच्या घरात घड्याळाने दोनचे ठोके दिले. बाईने एकदा, फक्त एकदा, मान जेमतेम वळवून दाराआडच्या खिळ्याकडे पाहिलं.

खिळा रिकामा होता.

चौथी पायरी कण्हली. टक, टक. दोनदा आणि अगदी हळू, शेजारणीची झोप मोडू नये इतकं हळू. मग ओला ब्रश लाकडावर टेकला आणि लांब ओढला गेला. बाईने डोळे मिटले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती त्या आवाजाबरोबर गेली, आणि परत आली, आणि परत गेली. कुठेही घाई नव्हती. किती नीट करते कार्टी, तिच्या मनात आलं. एवढं नीट काम मलाही कधी जमलं नाही. आणि हे सांगायला हवं, आज सांगायचंच, आत आली की पहिलं हेच सांगायचं, असं ती मनाशी घोकत राहिली.

ब्रश थांबला. डब्यावर झाकण बसलं. तळव्याने तीन थापा पडल्या, काम संपल्यावर बाप मारायचा तशा. पायऱ्या उतरल्या. गादीवर पाऊल पडलं त्याचा आवाज आला नाही, त्यानंतरचं फरशीवरचं मात्र आलं.

उंबऱ्यापाशी ती थांबली. टर्पेंटाइनचा वास आत आला. आणि मग, त्या सगळ्या दुपारींत जे कधी झालं नव्हतं ते झालं. एक पाऊल उंबऱ्याच्या अलीकडे पडलं. मग दुसरं. पलंगाची फळी किंचित दबली आणि गोधडीची कड उचलली गेली. उघड्या चौकोनातून गार हवा बाईच्या पाठीला लागली.

घोकलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं.  शब्द सुटेना. चाळीस वर्षांची सवय तेवढी जागेवर होती, तीच बोलली.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.

गोधडीची कड हळूच खाली ठेवली गेली.

बाईने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. मोरीतला नळ कुरकुरला. एकदा. दोनदा. तीनदा. आणि पाणी लागलं. खूप वेळ ते वाहत राहिलं, रंग निघायला लागतो तेवढा वेळ. आणि बाई भिंतीकडे तोंड करून, गोधडीची कड उचलून धरून, पाणी बंद व्हायची वाट पाहत राहिली.